मुळांवरच्या गाठी आणि ह्युमिक पदार्थ: जिवाणू आणि झाड यांच्या मधली माती

फुलोऱ्यावर आलेले सोयाबीनचे झाड हाताने ओढून उपटले, तर मुळांवरच्या गाठी बहुतेक वेळा जमिनीतच तुटून राहतात आणि पाहणाऱ्याला वाटते की गाठी आल्याच नाहीत. त्याऐवजी झाडाभोवतीची वीतभर माती फावड्याने अलगद उचलावी आणि ते ढेकूळ तासभर पाण्यात भिजत ठेवावे. माती आपोआप सुटते आणि सोटमुळाच्या वरच्या भागात मोहरीपासून लहान वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या गोल गाठी दिसू लागतात. त्यातली एखादी गाठ ब्लेडने मधोमध कापली की आतला रंग दिसतो. तो गुलाबी किंवा लालसर असेल, तर ती गाठ हवेतला नत्र बांधण्याचे काम करते आहे. आत पांढरट असेल, तर गाठ अजून कोवळी आहे किंवा निकामी आहे, आणि हिरवट किंवा तपकिरी असेल, तर तिचे काम संपत आले आहे.

या गाठींची संख्या आणि त्यांचा हा लाल रंग ह्युमिक पदार्थांमुळे, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतल्या काळपट तपकिरी घटकांमुळे, वाढतो, असे शेतीविषयक लेखनात वारंवार वाचायला मिळते. हे विधान निराधार नाही. पण ते ज्या सरधोपट पद्धतीने सांगितले जाते त्यामुळे ह्युमिक आम्ल म्हणजे गाठी आणणारे औषध आहे, असा समज पसरतो. गाठीत राहणारा जिवाणू असतो, गाठ घडवणारे झाड असते आणि ह्युमिक पदार्थ या दोघांच्या मधल्या मातीत असतात. त्या दोघांची भेट आणि पुढचा व्यवहार सुकर करणे, एवढेच त्यांचे काम आहे. ही भेट कशी होते ते आधी नीट पाहिले, तर ह्युमिक पदार्थांचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे समजायला फारसा वेळ लागत नाही.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा असतो, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की कोणत्याही झाडाला तो बंध स्वतःहून तोडता येत नाही. काही जिवाणूंकडे मात्र नायट्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते हे काम साध्या तापमानाला करते. द्विदल पिकांना हा नत्र मुळांवरच्या गाठींमधून मिळतो, हे जर्मनीतील हर्मन हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये जाहीर केले आणि हर्मन विल्फार्थ यांच्यासह १८८८ मध्ये सविस्तर मांडले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील मार्टिनस बेयरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. आपण या जिवाणूंना सरसकट रायझोबियम म्हणतो. प्रत्यक्षात सोयाबीनवर ब्रॅडिरायझोबियम, हरभऱ्यावर मेसोरायझोबियम, लसूणघासावर सायनोरायझोबियम असे वेगवेगळे वंश काम करतात, आणि म्हणूनच एका पिकाचे जिवाणू संवर्धक, म्हणजे बियाण्याला चोळण्यासाठी वाढवलेले जिवाणू, दुसऱ्या पिकाला चालेलच असे नसते.

झाड आणि जिवाणू यांची ओळख रसायनांच्या भाषेत होते. जमिनीत उपलब्ध नत्र कमी पडू लागला की द्विदल झाडाची मुळे फ्लॅव्होनॉइड गटातली संयुगे मातीत सोडतात. सोयाबीनचे मूळ जेनिस्टीन आणि डायड्झीन सोडते, तर लसूणघासाचे ल्युटिओलिन सोडते. योग्य जिवाणूच्या पेशीत नॉड-डी नावाचे प्रथिन असते. फ्लॅव्होनॉइडचा संकेत मिळाला की ते जिवाणूची नॉड जनुके जागी करते आणि जिवाणू उत्तरादाखल नॉड घटक नावाचे रेणू बाहेर सोडतो. हे रेणू अत्यंत अल्प प्रमाणातही मुळाला ओळखू येतात. ते ओळखताच मुळावरचा केसासारखा बारीक मूलरोम टोकाशी वळतो, आपल्या कवेत जिवाणूंना घेतो आणि त्याच्या आत एक सूक्ष्म नळी तयार होऊन जिवाणू तिच्यातून मुळाच्या आतल्या थरांकडे सरकू लागतात. जिवाणू वाटेत असतानाच मुळाच्या सालीतल्या पेशी विभागू लागतात आणि गाठीचा कोंब धरतो. भुईमुगासारखी काही पिके मूलरोमाची वाट न वापरता, उपमुळे फुटताना पडणाऱ्या भेगांतून जिवाणूंना आत घेतात, पण ओळख पटवण्याची पायरी त्यांनाही चुकत नाही.

गाठीच्या आत जिवाणूला घर आणि साखरेपासून बनलेले अन्न मिळते आणि त्या बदल्यात तो अमोनिया देतो. हा व्यवहार झाडाला महाग पडतो, कारण नत्राचा एक रेणू बांधण्यासाठी ऊर्जेचे चलन मानल्या जाणाऱ्या एटीपीचे किमान सोळा रेणू खर्च होतात. शिवाय नायट्रोजिनेजला प्राणवायू अजिबात सहन होत नाही आणि जिवाणूला श्वसनासाठी तो हवाच असतो. या पेचावरचा तोडगा म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातलग असलेले प्रथिन. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि मोजून मापून जिवाणूपर्यंत पोहोचवते. गाठीच्या आतला लाल रंग याचाच असतो, आणि त्या रंगामागे लोह असते, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

खर्च इतका असल्यामुळे झाड गाठींच्या संख्येवर कडक नियंत्रण ठेवते. पहिल्या गाठी धरू लागल्या की मुळांतून लहान प्रथिनांचा संदेश पानांकडे जातो आणि पानांकडून पुढच्या गाठी थांबवण्याचा निरोप मुळांकडे परत येतो. मातीत नायट्रेट, म्हणजे झाडाला थेट घेता येणारा नत्र, भरपूर असेल, तर झाड गाठींच्या फंदात पडतच नाही. बाहेरून काहीही घातले तरी हा अंतर्गत हिशेब झाड मोडू देत नाही, म्हणून गाठी कित्येक पटींनी वाढवण्याचे दावे वाचताना मी नेहमी सावध होतो.

आता ह्युमिक पदार्थांकडे वळू. पाने, मुळे, जीवजंतू जमिनीत कुजत असताना त्यांचा बहुतेक कर्ब हवेत निघून जातो आणि उरलेला भाग काळपट तपकिरी रंगाच्या, कुजण्यास चिवट अशा मिश्रणात शिल्लक राहतो. १७८६ मध्ये फ्रान्झ आखार्ड यांनी पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला वनस्पतिजन्य थर, अल्कधर्मी द्रावणात उकळून असा काळा अर्क पहिल्यांदा काढला, आणि आजही पद्धत मुळात तीच आहे. अल्कलीत विरघळणारा आणि आम्ल घातल्यावर साका होऊन खाली बसणारा भाग म्हणजे ह्युमिक आम्ल, आम्लातही विरघळलेलाच राहणारा पिवळसर भाग म्हणजे फुल्विक आम्ल, आणि कशातच न विरघळणारा भाग म्हणजे ह्युमिन. म्हणजे ही नावे एखाद्या ठरावीक रेणूची नाहीत. ती विरघळण्याच्या गुणावरून पाडलेल्या वाटण्यांची नावे आहेत.

हे पडताळून पाहणे अवघड नाही. ह्युमेटची, म्हणजे ह्युमिक आम्लाच्या क्षाराची, चिमूटभर भुकटी काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टाकली की ते गडद कॉफीसारखे होते. त्यात सौम्य आम्लाचे थेंब सोडत राहिले की काही वेळातच पाणी फाटल्यासारखे होते, तपकिरी कापसासारखे पुंजके तयार होतात आणि हळूहळू तळाशी बसतात. वर उरलेले पाणी चहाच्या रंगाचे दिसते. त्यात फुल्विक भाग असतो. जड पाण्यातला कॅल्शियमही असेच पुंजके पाडू शकतो, आणि ठिबकच्या नळ्या तुंबण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

पूर्वी असे मानले जाई की ह्युमिक आम्ल म्हणजे जमिनीत तयार होणारे प्रचंड आकाराचे, गुंतागुंतीचे रेणू आहेत. नंतरच्या संशोधनातून ते लहान रेणूंचे सैलसर एकत्र आलेले पुंजके असावेत, असे चित्र पुढे आले. २०१५ मध्ये योहानेस लेमन आणि मार्कुस क्लेबर यांनी नेचर नियतकालिकात तर असे मांडले की अल्कलीने काढलेला हा अर्क जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थाचे खरे रूप दाखवत नाही, आणि जमिनीतले सेंद्रिय पदार्थ म्हणजे सतत तुटत जाणाऱ्या अवशेषांची अखंड मालिका आहे. हा वाद केवळ नावांचा नाही. पुस्तकात वाचलेले ह्युमिक आम्ल, गांडूळखतातले ह्युमिक आम्ल आणि लिग्नाइटसारख्या कोवळ्या कोळशापासून काढलेले ह्युमिक आम्ल या तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि एकाने दाखवलेला परिणाम दुसरा दाखवेलच असे धरून चालता येत नाही. तिघांत समान म्हणता येईल असे एकच: त्यांच्यावर कार्बोक्सिल आणि फेनॉल हे गट मोठ्या संख्येने असतात, आणि हे गट धातूंच्या आयनांना धरून ठेवतात.

गाठींच्या बाबतीत ह्युमिक पदार्थांचा सर्वांत लक्षवेधी परिणाम ओळखीच्या त्या पहिल्या पायरीवर दिसतो. २०१५ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात एका चिनी संशोधक गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या गटाने पेनिसिलियम बुरशीच्या मदतीने लिग्नाइट कुजवून पाण्यात विरघळणारे ह्युमिक पदार्थ तयार केले होते आणि ते सोयाबीनवर गाठी आणणाऱ्या ब्रॅडिरायझोबियम लियाओनिंगेन्स या जिवाणूला दिले होते. जिवाणूंची दाटी वाढली, आणि ते जिवाणू दिलेल्या सोयाबीनवर गाठींची संख्या, गाठींचे वजन आणि नायट्रोजिनेजची क्रियाशीलता या तिन्ही गोष्टी वाढल्या. खरी गंमत पुढे आहे. त्या ह्युमिक मिश्रणाचे रासायनिक विश्लेषण केल्यावर त्यात फ्लॅव्होनॉइडसारखी संयुगे सापडली, आणि जिवाणूची नॉड जनुके जागी करण्यात हे मिश्रण सोयाबीनच्या स्वतःच्या जेनिस्टीनपेक्षा अधिक परिणामकारक ठरले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष आजच्या सोयाबीनच्या मुळांच्या भाषेत जिवाणूशी बोलतात, ही कल्पना मला आजही थक्क करते. वनस्पतींच्या लिग्निनमध्ये, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थात, आणि फ्लॅव्होनॉइडमध्ये सारखीच फेनॉलची वलये असतात, त्यामुळे कुजण्याच्या ओघात अशा रचना मागे राहणे रसायनाच्या दृष्टीने अजिबात अस्वाभाविक नाही.

दुसरा परिणाम जिवाणूच्या निभावाशी निगडित आहे. बियाण्याला चोळलेले जिवाणू उन्हाने आणि कोरडेपणाने झपाट्याने मरतात, आणि पेरणीनंतर कोवळे मूळ त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांना तग धरावा लागतो. जिवाणू संवर्धकांसाठी पीटचा वाहक म्हणून दीर्घकाळ वापर होत आला आहे तो याच कारणाने. ह्युमसने, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय अंशाने, भरलेला हा पदार्थ ओलावा धरतो, सामू (आम्ल-अल्कधर्मी पातळी, पीएच) फार हलू देत नाही आणि जिवाणूंना आसरा देतो. चांगल्या पीट संवर्धकात एका ग्रॅममध्ये दहा कोटींहून अधिक जिवंत जिवाणू असतात. म्हणजे ह्युमिक पदार्थ आणि गाठी यांची सांगड ह्युमिक आम्लाच्या बाटल्या येण्याच्या कितीतरी आधीपासून संवर्धकाच्या पाकिटात घातलेलीच होती.

तिसरा परिणाम मुळावर होतो. ब्राझीलमधील ल्युसियानो कानेल्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गांडूळखतातून काढलेले ह्युमिक आम्ल मक्याच्या रोपांना दिले, तेव्हा मुळे लांबली, उपमुळे अधिक फुटली आणि मुळांच्या पेशींच्या पडद्यावरचे प्रोटॉन पंप अधिक क्रियाशील झाले. हे पंप पेशीबाहेर आम्लता वाढवतात, त्यामुळे पेशीची भिंत सैल होते आणि पेशी ताणली जाते. ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक ज्या मार्गाने काम करते, त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे, आणि त्या ह्युमिक आम्लाच्या रचनेत ऑक्सिनचे गटही आढळले होते.

मका द्विदल नाही, मग त्याचा गाठींशी संबंध काय, असा प्रश्न कुणीही विचारेल. उपमूळ आणि गाठ हे दिसायला अगदी वेगळे अवयव असले, तरी झाड त्यांना घडवताना काही अवजारे सामायिक वापरते. २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात जपानी संशोधकांनी लोटस जॅपोनिकस (कमळ नव्हे) या द्विदल वनस्पतीवर दाखवून दिले की उपमुळे घडवणारे एक जनुक गाठ घडवतानाही वापरले जाते. जणू उत्क्रांतीने उपमुळाचा जुना आराखडा उचलून त्यावर गाठीचे घर बांधले. त्यामुळे उपमुळांना चालना देणारा पदार्थ गाठीच्या कोंबालाही अनुकूल ठरू शकतो, हा तर्क ओढूनताणून आणलेला वाटत नाही. तरीही तो तर्क आहे हे विसरता कामा नये. गाठीच्या कोंबासाठी सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरकही लागते आणि इथिलीन वाढले तर गाठी कमी होतात. या तिघांचा तोल महत्त्वाचा असल्यामुळे ऑक्सिनसारखा परिणाम जास्त झाला तर फायदाही जास्त होईल, असे गणित मांडता येत नाही. मूलरोमांच्या बाबतीत मात्र गोष्ट सरळ आहे. मुळांचा पसारा जितका मोठा आणि मूलरोम जितके अधिक, तितकी जिवाणूला भेटण्याची ठिकाणेही अधिक मिळतात.

चौथा परिणाम पोषणाचा आहे, आणि माझ्या मते शेतातला सर्वांत भरवशाचा परिणाम हाच आहे. लेगहिमोग्लोबिनला लोह लागते हे आपण पाहिले. नायट्रोजिनेजच्या गाभ्यातल्या धातूंच्या गुच्छात लोहाचे सात अणू आणि मॉलिब्डेनमचा एक अणू असतो, आणि विकराच्या इतर भागांतही लोह असते. चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या जमिनीत लोह भरपूर असूनही न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते, पाने पिवळी पडतात आणि त्याच वेळी गाठींनाही लोहाची उपासमार सोसावी लागते. ह्युमिक आणि फुल्विक आम्लांचे कार्बोक्सिल व फेनॉल गट लोहाला चिमट्यासारखे धरतात आणि मुळापर्यंत पोहोचेल अशा रूपात ठेवतात. स्फुरदाचेही (फॉस्फरसचेही) असेच आहे. नत्र बांधायला एटीपी लागते आणि एटीपीला स्फुरद लागतो, म्हणून स्फुरदाची कमतरता असलेल्या जमिनीत गाठी लहान आणि मोजक्या राहतात. जमिनीत स्फुरद ज्या लोह, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमच्या जागांवर जखडला जातो, त्याच जागांसाठी ह्युमिक पदार्थ स्पर्धा करतात आणि काही स्फुरद मोकळा राहतो. आम्लयुक्त जमिनीत अडचण वेगळी असते. तिथे विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची टोके आणि मूलरोम खुरटवते. ह्युमिक पदार्थ या ॲल्युमिनियमला बांधून त्याचा विषारीपणा कमी करतात. जमिनीचा प्रकार बदलला की तोच पदार्थ वेगळ्या वाटेने उपयोगी पडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्रत्यक्ष पिकांवर असे परिणाम दिसतात का? सोयाबीन, भुईमूग आणि क्लोव्हर हे चाऱ्याचे द्विदल पीक यांच्यावर ह्युमिक आम्लाचा गाठींच्या दृष्टीने काय परिणाम होतो, याचा अभ्यास १९८३ सालीच प्रसिद्ध झाला होता, तेव्हा हा प्रश्न नवा नाही. अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१४ मध्ये मायकेल रोझ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात, सर्व प्रकारच्या वनस्पती मिळून, ह्युमिक पदार्थांमुळे खोडपानांचे कोरडे वजन सरासरी २२ टक्क्यांनी आणि मुळांचे २१ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मात्र त्याच विश्लेषणात हेही दिसले की परिणाम प्रयोगागणिक खूप बदलतो आणि तो पदार्थाचा स्रोत, वाढीची परिस्थिती, वनस्पतीचा प्रकार आणि देण्याची पद्धत यांवर अवलंबून असतो. केवळ सरासरीचा आकडा सांगणे आणि ही बदलशीलता न सांगणे, हे वाचणाऱ्याची दिशाभूल करणे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

इथे एक साधे गणित उपयोगी पडते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन ढोबळमानाने २० लाख किलो भरते. त्यात सेंद्रिय कर्ब फक्त अर्धा टक्का धरला, तरी तो १०,००० किलो होतो. अशा जमिनीत हेक्टरी पाच किलो ह्युमेट मिसळून जमिनीची सुपीकता वाढेल, तिची पाणी धरण्याची ताकद सुधारेल, ही अपेक्षा आकड्यांतच टिकत नाही. इतक्या थोड्या मात्रेचा परिणाम व्हायचा असेल, तर तो बियाण्याच्या आणि कोवळ्या मुळाच्या अगदी जवळ, संकेत देणारा किंवा लोह धरून ठेवणारा पदार्थ म्हणूनच होऊ शकतो. म्हणून गाठींच्या उद्देशाने ह्युमिक पदार्थ द्यायचे असतील, तर ते सगळ्या शेतावर पसरण्यापेक्षा बियाण्यालगत, पेरणीच्या ओळीत देणे अधिक सयुक्तिक आहे. जमीनच सुधारायची असेल, तर कंपोस्ट, पिकांचे अवशेष आणि हिरवळीचे खत यांना बाटलीचा पर्याय नाही.

मात्रेबाबत आणखी एक सावधगिरी हवी. संप्रेरकासारख्या परिणामांचा आलेख सहसा डोंगरासारखा असतो. कमी मात्रेत वाढ होते, एका टप्प्यावर ती शिखर गाठते आणि त्यापुढे परिणाम उतरतो. फार दाट द्रावणात मुळे खुंटतातही. पोटॅशियम ह्युमेटचे दाट द्रावण चांगलेच अल्कधर्मी, बऱ्याचदा ९ ते १० सामूचे असते, आणि ते थेट जिवाणू संवर्धकात ओतले तर जिवाणूंच्या वाढीऐवजी त्यांच्या मृत्यूचीच सोय होते. बीजप्रक्रियेत दोन्ही वापरायचे असतील, तर ह्युमेट पुरेसे पातळ करून आधी लावावे, बियाणे सावलीत सुकू द्यावे आणि संवर्धक अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर लावावे. बुरशीनाशकांच्या बाबतीतही संवर्धक शेवटी लावण्याचा हाच क्रम सांभाळला जातो, कारण त्यांतली काही रायझोबियमला घातक असतात.

ज्या जमिनीत ह्युमिक पदार्थांचा गाठींवर काहीच परिणाम दिसत नाही, अशा जमिनींकडेही लक्ष द्यायला हवे, कारण न दिसणारा परिणामही काही सांगत असतो. ज्या शेतात त्या पिकाचा जिवाणू मुळी नाहीच, उदाहरणार्थ जिथे सोयाबीन पहिल्यांदाच पेरले जात आहे, तिथे ह्युमिक पदार्थ कितीही चांगले असले तरी बोलायला समोर कुणी नसते. जिथे सेंद्रिय कर्ब आधीच भरपूर आहे, तिथे थोड्या जास्तीच्या ह्युमेटने फरक पडायला वाव उरत नाही. आणि जिथे नायट्रेट जास्त आहे, तिथे झाडच गाठींना नकार देते. या शेवटच्या मुद्द्यात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. कोंबडीखतासारखे नत्राने भरलेले खत पेरणीच्या अगदी आधी घातले, तर त्यातून ह्युमस मिळतो तसे नायट्रेटही सुटते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गाठी उलट कमी होतात. सेंद्रिय आहे म्हणजे गाठींना अनुकूलच आहे, असे समीकरण मांडणाऱ्यांच्या हातून ही चूक हमखास होते.

गाठींची नुसती संख्या मोजणेही फसवे ठरते. निष्प्रभ जिवाणूंनी धरलेल्या गाठी पुष्कळदा संख्येने जास्त, आकाराने लहान, आतून पांढऱ्या आणि उपमुळांवर दूरवर विखुरलेल्या असतात. झाडाला नत्र मिळत नसल्यामुळे त्याचा गाठी थांबवण्याचा निरोप पुरेसा प्रभावी होत नाही आणि नव्या गाठी येतच राहतात. याउलट प्रभावी जिवाणू असलेल्या झाडावर सोटमुळाजवळ मोजक्या, टपोऱ्या आणि आतून लालबुंद गाठी दिसतात. म्हणून एखाद्या पदार्थाने गाठी दुप्पट केल्या असे कुणी सांगितले, तर पहिला प्रश्न त्या आतून कोणत्या रंगाच्या होत्या, हा असला पाहिजे.

स्वतःच्या जमिनीत ह्युमिक पदार्थांचा उपयोग होतो का, हे पाहायचे असेल, तर एकाच शेतात, सारख्या जमिनीवर शेजारी शेजारी चार पट्टे ठेवणे पुरते. एकात काहीच देऊ नये, दुसऱ्यात फक्त ह्युमिक, तिसऱ्यात फक्त जिवाणू संवर्धक आणि चौथ्यात दोन्ही द्यावे. बाकी सगळे, अगदी पेरणीची तारीखही, सारखे असावे. जागा असेल तर हे चार पट्टे आणखी दोन-तीन ठिकाणी पुन्हा आखावेत, म्हणजे जमिनीतल्या उंचसखलपणाचा गोंधळ कमी होतो. फुलोरा सुरू होताना प्रत्येक पट्ट्यातून, कडेच्या ओळी सोडून, दहा झाडे मातीच्या ढेकळासह काढावीत, मुळे पाण्यात भिजवून धुवावीत आणि गाठींची संख्या, त्यांचे सुकवलेले वजन आणि कापलेल्या गाठींपैकी किती लाल निघाल्या, हे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. फक्त ह्युमिक दिलेल्या पट्ट्यात गाठी नसतील आणि संवर्धकाच्या पट्ट्यात असतील, तर जमिनीत जिवाणूची उणीव आहे. दोन्ही दिलेल्या पट्ट्यात गाठींचे वजन आणि लाल गाठींचे प्रमाण केवळ संवर्धकाच्या पट्ट्यापेक्षा ठळकपणे वाढले असेल, तर त्या जमिनीत ह्युमिक पदार्थ खरोखर काम करत आहेत. चारही पट्टे सारखेच दिसले आणि गाठी सगळीकडे लाल निघाल्या, तर जमिनीत जिवाणूही आहेत आणि त्यांना पोषक वातावरणही आहे. मात्र चारही पट्ट्यांत गाठी अगदीच तुरळक असतील, तर आधी माती परीक्षणातला नत्र, स्फुरद आणि सामू पाहावा. हे निरीक्षण शेंगा भरू लागल्यावर केले तर हाती काही लागत नाही, कारण त्या वेळी झाड आपले अन्न दाण्यांकडे वळवते आणि उत्तम काम केलेल्या गाठीही आतून हिरव्या पडू लागतात.